ठाऊक कुणाला, बोलतंय कोण

लेखनाविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी दोनच विषय घेतले आहेत. पहिला नाट्यात्म उपरोध, ज्याला तालमीत सगळे ‘ड्रॅमॅटिक आयरनी’ म्हणतात. दुसरा स्वगत किंवा मोनोलॉग. दोन्ही एकत्र घेण्याचं कारण पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात येईल. घाई असेल त्यांनी थेट तिथे जायला हरकत नाही.

प्रश्न १ : प्रेक्षकाला सगळं आधीच सांगून टाकलं तर नाटकात उरतं काय? आणि नाट्यात्म उपरोध ही कल्पना पूर्णपणे पाश्चात्त्यच ना? (पदव्युत्तर विद्यार्थी, नागपूर)

‘उपरोध’ हा शब्द इथे थोडा फसवतो. एरवी उपरोधानं बोलणाऱ्याला आपण टोमणा मारतोय हे पक्कं माहीत असतं. नाट्यात्म उपरोधात नेमकं उलट घडतं. पात्र अगदी सरळ, मनापासून बोलत असतं. त्याच्या वाक्याला दुसरा अर्थ आहे हे फक्त लेखकाला आणि प्रेक्षकाला कळतं, तेही त्या पात्राच्या डोक्यावरून.

तुम्ही विदर्भातून विचारताय म्हणून उदाहरणही तिथल्याच नाटककाराचं घेऊ. भवभूती पद्मपूरचा. ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आठवा. चित्रं बघून थकलेली सीता रामाच्या आधारानं झोपली आहे. राम तिच्याकडे बघत म्हणतो की ही घरातली लक्ष्मी, ही डोळ्यांना अमृताची शलाका, हिचं काय प्रिय नाही? असह्य असेल तर फक्त विरह. ‘विरह’ हा श्लोकातला शेवटचा शब्द. तो उच्चारला जातो न जातो तोच प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येऊन म्हणते, ‘महाराज, उपस्थित आहे.’ ती सांगतेय दुर्मुख नावाच्या हेराबद्दल. ऐकणाऱ्याला मात्र सलग ऐकू येतं : विरह उपस्थित आहे. आणि दुर्मुख खरोखर तोच घेऊन आलेला असतो, सीतेबद्दलच्या लोकापवादाच्या रूपानं.

यात तीन गोष्टी बघा. प्रेक्षकाला रामकथा ठाऊक आहे, त्यामुळे वेगळी माहिती पुरवावी लागली नाही. प्रतिहारीच्या वाक्यात कर्ता नाही, म्हणून ते मागच्या शब्दाला जाऊन चिकटतं. आणि दोघांपैकी कुणीही मुद्दाम काही सुचवत नाही. त्या वाक्यात ‘दुर्मुख उपस्थित आहे’ असं नाव घातलं असतं तर सगळं संपलं असतं. एका नावाच्या गाळण्यावर हा प्रसंग उभा आहे.

आपल्या नाट्यशास्त्रात याला ‘पताकास्थानक’ असं नाव आहे आणि भरतानं त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. पताकास्थानक आणि ड्रॅमॅटिक आयरनी या तंतोतंत एकच गोष्टी नाहीत. पताकास्थानक मुख्यतः अशा अवचित जुळून येणाऱ्या, पुढचं सुचवणाऱ्या क्षणापुरतं असतं, तर नाट्यात्म उपरोध संपूर्ण नाटकभर ताणता येतो. पण ‘पूर्णपणे पाश्चात्त्य’ हे म्हणणं टिकत नाही. हाच डाव शेक्सपिअर ‘मॅक्बेथ’मध्ये टाकतो. गद्दार निघालेल्या सरदाराबद्दल राजा डंकन म्हणतो की त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता, चेहऱ्यावरून माणसाचं मन ओळखता येत नाही. त्याच क्षणी मॅक्बेथ आत येतो आणि राजा प्रेमानं त्याचं स्वागत करतो. मॅक्बेथच्या मनात खुनाचा विचार डोकावून गेलाय हे आपण आधीच्याच प्रवेशात ऐकलेलं असतं.

आता ‘उरतं काय’ याविषयी. ‘काय होणार’ हा प्रश्न जातो आणि ‘याला कधी कळणार, कळल्यावर हा काय करील’ हे दोन प्रश्न येतात. पहिल्या प्रश्नाची उत्सुकता एकदाच पुरते. बाकीचे दोन नाटक पाचव्यांदा पाहतानाही जिवंत असतात.

प्रश्न २ : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी चाळीस मिनिटांची एकांकिका लिहिली आहे. रहस्य शेवटच्या पाच मिनिटांत उघड होतं. वाचनाला लोक ‘छान’ म्हणतात, पण मधली वीस मिनिटं थंड जातात. रहस्य आधी सांगावं का? कधी? (सांगली)

बहुतेक वेळा सांगावं. तुमची मधली वीस मिनिटं थंड आहेत, कारण तेवढा वेळ प्रेक्षकाच्या हातात काहीच नाही. त्याला वाक्यांचा एकच अर्थ मिळतो.

आधी एक तक्ता करा. कागदावर प्रत्येक प्रसंगाला एक आडवी रांग द्या. उभे रकाने पात्रांचे आणि शेवटचा एक रकाना प्रेक्षकाचा. मग नाटकातली महत्त्वाची माहिती एकेक घ्या (तीन-चारच असते) आणि ती कुणाला कुठल्या प्रसंगात कळते तिथे खूण करा. प्रेक्षकाचा रकाना आणि मुख्य पात्राचा रकाना शेवटपर्यंत सारखाच भरत असेल, तर नाटकात उपरोध नाही, फक्त शेवटचा धक्का आहे. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत आठव्या ते दहाव्या मिनिटाच्या आसपास प्रेक्षकाचा रकाना पुढे जायला हवा. त्याहून आधी गेला तर पात्रं अजून ओळखीची झालेली नसतात, त्यामुळे कुणासाठी जीव टांगणीला लागत नाही. विसाव्या मिनिटानंतर गेला तर त्याचा फायदा घ्यायला वेळ उरत नाही.

प्रेक्षकाला सांगायचे मार्ग मोजके आहेत : आधीच ठाऊक असलेली कथा, मुख्य पात्र नसताना घडलेला प्रसंग, दुसऱ्याचं स्वगत, मंचावर दिसणारी पण पात्राला न दिसणारी वस्तू किंवा व्यक्ती, आणि इतिहासातली तारीख. शेवटचा मार्ग नवे लेखक विसरतात. 1761 च्या जानेवारीत पानिपतच्या छावणीतून कुणी घरी ‘उन्हाळ्यात परत येतो, आंबे ठेवा’ असं पत्र लिहीत असेल, तर एवढ्या वाक्यावर वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. त्याला 14 जानेवारी ठाऊक आहे.

सांगायचं ते एकदाच, स्पष्ट. दुसऱ्यांदा सांगितलं की प्रेक्षकाला आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. शंका असेल तर सांगण्याचं वाक्य मोठं करू नका, ते ज्या क्षणी येतं तो क्षण शांत करा. मागे दुसरं काही चालू नको, कुणी मंचावर ये-जा करायला नको.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, हे अंतर टिकवण्यासाठी लेखक पात्राला मूर्ख करतो. चिठ्ठी समोर पडलीय आणि हा वाचत नाही. फोन वाजतोय आणि ही उचलत नाही. दोन मिनिटांत प्रेक्षक चिडतो. अज्ञान पात्राच्या गुणातून यायला हवं. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस राजा खुन्याचा शोध घेतोय आणि तो खुनी तो स्वतःच आहे. त्याला कळत नाही ते तो आळशी आहे म्हणून नाही. तो कर्तव्यदक्ष आहे, आणि जितका नेटानं शोधतो तितका स्वतःच्या जवळ येतो. डंकनला कळत नाही कारण तो विश्वास ठेवणारा राजा आहे. ‘शाकुंतला’त दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या कानी जात नाही कारण ती पतीच्या विचारात हरवलेली आहे. अनसूया-प्रियंवदा तो ऐकतात, पण कोमल मनाच्या मैत्रिणीला कशाला घाबरवायचं म्हणून गप्प राहतात. निरोपाच्या वेळी एवढंच म्हणतात की राजानं ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. शकुंतला त्या बोलण्यानंच दचकते. तिथे आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं. महाभारतातल्या मूळ कथेत हा शाप नाही, तो कालिदासानं घातला, आणि त्यामुळे पाचव्या अंकात राजा तिला नाकारतो तेव्हा आपण दोघांसाठीही कळवळतो. शापाशिवाय तोच प्रसंग एका खोटारड्या नवऱ्याचा झाला असता.

विनोदी नाटकात हेच यंत्र जास्त वेगानं फिरवता येतं. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीजवळची आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती निरखताना फाल्गुनराव तिला बघतो. एक घेरी आणि एक तसबीर. दोघांचेही संशय चुकीचे, पण दोघांनी जे पाहिलं ते खरंच घडलेलं. लेखकानं कुणाला खोटं दाखवलेलं नाही, अर्धं दाखवलंय. तुमच्या एकांकिकेत गैरसमज घडवायचा असेल तर हा नियम भिंतीवर लावून ठेवा.

प्रश्न ३ : स्वगत, जनांतिक, मोनोलॉग, एकपात्री, नाट्यछटा. परीक्षेत विद्यार्थी सगळ्याला ‘स्वगत’ लिहितात. फरक थोडक्यात सांगाल? (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सातारा)

एकच प्रश्न विचारायला शिकवा : हे बोलणं कोण ऐकतंय?

मंचावरचं कुणीच ऐकत नाही, फक्त प्रेक्षक ऐकतो, ते स्वगत. मंचावरचे काही ऐकतात आणि काही ‘ऐकत नाहीत’ असं मानायचं असतं, ते जनांतिक किंवा अपवारित. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात हीच वाटणी आहे : सर्वश्राव्य (सगळ्यांनी ऐकायचं), नियतश्राव्य (ठरावीक जणांनीच), अश्राव्य (मंचावरच्या कुणीच नाही). जनांतिकासाठी नटानं त्रिपताक हस्त धरायचा, म्हणजे अनामिका वाकवून बाकी बोटं ताठ, आणि त्या हाताच्या आडून बोलायचं. आजही आपण गर्दीत तोंडाशी हात आडवा धरून कुजबुजतो ते याहून फार वेगळं नाही.

समोर ऐकणारा आहे, पण त्याची वाक्यं आपल्याला ऐकू येत नाहीत, तो नाट्यात्म मोनोलॉग. मराठीतली नाट्यछटा ही त्याची जवळची बहीण. संस्कृतात ऐकणारा मुळात मंचावरच नसतो आणि नट ‘काय म्हणतोस?’ असं विचारून त्याचं म्हणणं स्वतःच सांगतो, ते आकाशभाषित. ‘भाण’ हा एका नटाचा, एका अंकाचा नाट्यप्रकार सगळा त्यावरच चालतो.

एकपात्री हा शब्द मात्र नटांची संख्या सांगतो, बोलण्याचा प्रकार नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्या लक्ष्मण देशपांडे यांनी केलं, पण त्यात पन्नासहून अधिक पात्रं एकमेकांशी बोलतात. तो मोनोलॉग नव्हे. उलट स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या एका छोट्या नाटकात मंचावर समोरासमोर दोन स्त्रिया असतात आणि बोलते एकच. नट दोन, मोनोलॉग एक.

प्रश्न ४ : स्वगतात पात्र खोटं बोलू शकतं का? आणि आजच्या नाटकात लांब स्वगत खोटं वाटतं, त्यावर उपाय काय? (पुणे)

परंपरेचा संकेत असा की स्वगतात पात्र प्रेक्षकाशी खोटं बोलत नाही. पण स्वतःशी बोलतं. ‘ऑथेल्लो’तला खलनायक इयागो नायकाच्या द्वेषाची कारणं सांगतो : बढती हुकली, बायकोबद्दल संशय, आणखी काही. कारणं वाढत जातात तशी आपली खात्री कमी होत जाते की यांतलं एकही खरं कारण आहे. तो आपल्याला फसवत नाही, स्वतःला पटवत असतो.

स्वगत आणि उपरोध एकमेकांत कसे गुंतवायचे हे शिकायला ‘हॅम्लेट’मधला प्रार्थनेचा प्रवेश पुरेसा आहे. त्याचा क्रम बघा. राजा क्लॉडियस एकटा आहे. तो भावाच्या खुनाची कबुली देतो, आणि म्हणतो की ज्यासाठी खून केला ते राज्य आणि राणी दोन्ही सोडायची तयारी नाही, मग क्षमा कशी मागू? तरीही गुडघे टेकतो. त्या भावाचा मुलगा हॅम्लेट मागून येतो. आत्ता मारलं तर हा प्रार्थनेत मरून स्वर्गाला जाईल, म्हणून तलवार म्यान करतो आणि निघून जातो. मग क्लॉडियस उठतो आणि दोन ओळी म्हणतो : शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. त्या दोन ओळी हॅम्लेट असताना आल्या असत्या तर नाटक तिथेच संपलं असतं, आणि आल्याच नसत्या तर हॅम्लेटचा निर्णय शहाणपणाचा वाटला असता. तो गेल्यावर लगेच येतात, म्हणून लागतात. हॅम्लेटनं पाहिलं, पण ऐकलं नाही. आपण दोन्ही केलं.

लांब स्वगताविषयी. लांबी हा दोष नाही, निमित्त नसणं हा दोष आहे. पात्र एवढं का बोलतंय आणि बाकीचे का थांबलेत, याचं उत्तर रचनेत हवं. तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये काढलेला मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. खोट्या खटल्याच्या शेवटी आरोपी बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. प्रकाश बदलतो, बाकीचे आहेत त्या स्थितीत गोठतात आणि त्या दहा सेकंदांच्या पोटात ती मिनिटंच्या मिनिटं बोलते. प्रकाश पूर्ववत झाल्यावर कोर्ट असं पुढे चालतं की तिनं एक शब्दही काढला नसावा. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतल्या एकानंही ऐकलं नाही. इथे स्वगताचा संकेत हाच त्या समाजावरचा आरोप झालाय. मोठ्या स्वगतांविषयी लिहिताना आम्हाला पुन्हा पुन्हा या जागेकडे यावंसं वाटतं.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा मार्ग वेगळा. अप्पासाहेब बेलवलकर हे निवृत्त नट आहेत. मोठ्यानं, लयीत, टाळीच्या अंदाजानं बोलणं हा त्यांचा स्वभावच. त्यामुळे लांब भाषणाला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. तुमचं पात्र बँकेतला कारकून असेल तर मात्र ही सवलत तुम्हाला नाही. त्याला बोलायला लावणारं काहीतरी द्या : फोनवर होल्ड केलेला कॉल, बंद पडलेली लिफ्ट, झोपलेलं बाळ, शुद्धीवर नसलेला रुग्ण.

प्रश्न ५ : शाळेत तीन मिनिटांच्या नाट्यछटा बसवायच्या आहेत. मुलं लिहितात ते भाषण होतं किंवा विनोदी फोन. नाट्यछटा कशी लिहायची? (शिक्षक, रत्नागिरी)

दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (1889–1931) यांनी, हा प्रकार मराठीत 1911 पासून रुजवला. ते शिक्षकच होते, आणि त्यांच्या 51 नाट्यछटा आहेत. प्रेरणा इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म मोनोलॉगची. ब्राउनिंगच्या 1842 सालच्या प्रसिद्ध कवितेत एक ड्यूक पडद्याआडचं चित्र पाहुण्याला दाखवतोय. चित्र दिवंगत पत्नीचं. ती सगळ्यांकडेच बघून हसायची, हे याला खपत नव्हतं. मग आपण हुकूम दिला आणि सगळी हसणी एकदम थांबली, असं तो सहज बोलून जातो. पाहुणा आलाय याच्या पुढच्या लग्नाचं ठरवायला. छप्पन्न ओळींत पाहुणा एक शब्द बोलत नाही. ड्यूक स्वतःची अभिरुची मिरवतोय आणि आपल्याला ऐकू येतो तो खून.

इथेच स्वगत आणि उपरोध यांची गाठ पडते. बोलणारा जे सांगतोय त्याहून जास्त त्याच्या तोंडून निघतंय आणि त्याला त्याचा पत्ता नाही. नाट्यछटेचा जीव एवढाच. भाषणात बोलणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून भाषण नाट्यछटा होत नाही.

एक विषय घेऊन करून बघू : घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आबाळ. मुलं पहिल्या खर्ड्यात असं लिहितात :

‘मला सासूबाईंचा कंटाळा आलाय. म्हणून मी त्यांना गॅलरीत ठेवलंय. लोकांना मात्र मी त्यांची किती काळजी घेते ते सांगते.’

वाक्यं स्वच्छ आहेत, पण ऐकणाऱ्याला करायला काही उरलं नाही. बाईनं स्वतःच निकाल देऊन टाकला. आता लिहिण्याआधी चार गोष्टी ठरवा. ऐकणारं कोण? सांभाळायला ठेवण्यासाठी बोलावलेल्या मावशी. बोलणारीला काय हवंय? मावशींनी काम घ्यावं, आणि आपण चांगल्या घरातले आहोत हे त्यांना पटावं. ती कोणत्या गोष्टी सांगणार नाही? आई गॅलरीत राहतात, त्यांची घंटी काढून घेतलीय, घर मुळात त्यांचं होतं, त्यांना वेळेवर पाणीही मिळत नाही. आणि चौथी, मुलांच्या कधीच लक्षात न येणारी : या प्रत्येक गोष्टीसाठी तिच्याकडे कुठलं चांगलं कारण आहे? आता लिहा.

‘या मावशी, चपला तिथेच राहू द्या. काम काही म्हणजे काही नाही हो, आमच्या आईंपाशी बसायचं, बस्स. नाही नाही, ती नको, ती मुलाच्या अभ्यासाची खोली. आई इकडे. कसं हवेशीर आहे बघा! पाऊस आला की हा पडदा सोडायचा, एवढंच. चहा सकाळी एक, चारला एक. मधे मागतील, द्यायचा नाही. विसरतात थोड्या वेळानं. घंटी होती ना, पण सारखी वाजवायच्या, आणि याची दहावी. आता बघा, कशा शांत असतात. तो फोटो? वास्तुशांतीचा. त्या मधल्या आमच्या आईच. सगळं त्यांनी उभं केलंय, म्हणून तर म्हणते, वृद्धाश्रमाचं नाव काढायचं नाही या घरात. लोकांना कसं करवतं कोण जाणे. काय म्हणतायत त्या? पाणी? अहो, आत्ताच तर दिलंय. सकाळी.’

हे साधारण मिनिटभराचं झालं. ‘गॅलरी’ हा शब्द कुठेच नाही. ते काम ‘पाऊस आला की पडदा सोडायचा’ हे वाक्य करतं, आणि तो शोध ऐकणाऱ्यानं स्वतः लावला म्हणून त्याला तो जास्त बोचतो. क्रमही बघा : हवेशीर जागा, मोजका चहा, घंटी, फोटो, पाणी. सौम्य गोष्ट आधी. पाणी पहिल्यांदा आलं असतं तर पुढच्या कशालाच धार राहिली नसती. वृद्धाश्रमाचं वाक्य पाण्याच्या आधी आहे, नंतर नाही, कारण बाईला स्वतःच्या चांगुलपणाची सगळ्यात जास्त खात्री असतानाच आतून हाक यायला हवी. आणि शेवटचा ‘सकाळी’ वेगळा पडला पाहिजे. ‘सकाळीच तर दिलंय’ असं एक सलग वाक्य करून वाचून बघा. अर्थ तोच, पण हवा जाते.

मावशी तीन ठिकाणी काहीतरी करतात : आतल्या खोलीकडे वळतात, घंटीबद्दल विचारतात, फोटोकडे बघतात. ते प्रश्न आपल्याला ऐकू आले नाहीत, उत्तरांतून कळले. मुलं इथे हमखास घसरतात. ‘काय म्हणालात मावशी? घंटी नाही का? हो, घंटी नाही.’ हा प्रतिध्वनी एखाद्या वेळी चालतो, कारण आकाशभाषिताची तीच पद्धत आहे. पण दर दुसऱ्या वाक्याला आला की तो विनोदी फोन होतो. तुमच्या मुलांचं तेच होतंय.

आणखी दोन चुका मोठ्यांच्याही लिखाणात दिसतात. शेवटी ‘समाजानं विचार करावा’ असं वाक्य घालणं ही एक. त्या एका ओळीनं आधीची मेहनत पुसली जाते. दुसरी, दिवाकरांच्या काळची भाषा उसनी आणणं. जुन्या नाट्यछटांतले ‘छे! छे!’, ‘अगं बाई!’ त्या काळच्या जिभेवरचे होते. तुमच्या मुलीच्या तोंडी तिची आई फोनवर जशी बोलते तशीच बोली ठेवा, रत्नागिरीची असेल तर रत्नागिरीची.

प्रश्न ६ : मोनोलॉग सादर करताना नजर कुठे ठेवायची? माझ्या सादरीकरणाला ‘पाठ म्हटल्यासारखं’ असा शेरा मिळतो. (अकरावीतील विद्यार्थिनी, पणजी)

समोर नसलेल्या माणसाची उंची ठरवलेली नसते, म्हणून नजर तरंगते आणि पाठ म्हटल्यासारखं वाटतं. तालमीत त्या जागी खरंच कुणाला तरी उभं करा. चार-पाच तालमींनंतर त्याला बाजूला घ्या आणि तिथे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मागच्या भिंतीवर कागदाचा तुकडा चिकटवा. शेवटच्या तालमींत कागदही काढा. ऐकणारा बसलेला आहे की उभा, हे मधेच बदलू देऊ नका. तो प्रेक्षकांच्या बाजूला, थोडा तिरका ठेवा. अगदी बगलेत ठेवलात तर प्रेक्षकाला तुमचा कान तेवढा दिसेल.

त्याची वाक्यं वहीत लिहून काढा. सादर करायची नाहीत, पण मनात पूर्ण ‘ऐकायची’, आणि तेवढाच वेळ थांबायचं. थांबा घेताना मनात ‘एक, दोन’ मोजणारा नट लगेच ओळखू येतो, वाक्य ऐकणारा ओळखू येत नाही. असे थांबे धरले तर मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द होतात. तीन मिनिटांसाठी सव्वातीनशेच्या वर संहिता नको. चारशे शब्द घेऊन मुली वेळेत बसवण्यासाठी धावतात, आणि पहिले बळी जातात ते हे थांबे.

उपरोध असलेल्या मोनोलॉगला एक पथ्य जास्त आहे. बोलणारं पात्र वाईट आहे हे तुम्ही नट म्हणून दाखवू नका. वरच्या उताऱ्यातली बाई साकारताना आवाजात खोटा गोडवा आणला किंवा प्रेक्षकांकडे सूचक बघितलं, की बाई स्वतःच स्वतःला ओळखून बसली असं होतं. तिला खरंच वाटतं की आपण सासूची काळजी घेतो. पडदा दाखवताना तो नीट ओढला जातो ना, हे ती मनापासून तपासते. हात पडद्यावर ठेवा, गाठ सोडून पुन्हा बांधा. ‘सकाळी’ हा शब्द तर अगदी सहज, मावशींकडे बघतसुद्धा नाही अशा बेतानं, चहाचा कप उचलता उचलता टाका. तिथे प्रेक्षागृह गप्प झालं तर पुढे काही करू नका. कप घेऊन आत निघून जा.